फिल्म पार्सलनं मागवायची तर

प्रश्न : काकू, मी कोल्हापुरात गंगावेशीत राहतो. तालमीतल्या पैलवानांचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर काढायची फार इच्छा आहे. आजोबांचा पेंटॅक्स के १००० कॅमेरा चालू स्थितीत आहे. गावातली दुकानं फिल्म ठेवत नाहीत. मुंबई-दिल्लीच्या विक्रेत्यांकडून मागवायची तर कोणती मागवू आणि काय बघू? विमानातल्या एक्सरेनं फिल्म खराब होते म्हणतात, ते खरं का?

उत्तर : आधी एक सांगते. एकच फिल्म धरा आणि वर्षभर तीच वापरा. घरबसल्या मागवणारे बहुतेकजण नेमकं उलटं करतात. यादी समोर आली की ह्यातला एक, त्यातला एक असे पाच जातींचे पाच रोल मागवतात. मग निगेटिव्ह पातळ आली तर दोष फिल्मचा, डेव्हलपरचा (फिल्म धुवायच्या रसायनाचा) की उजेड मोजणाऱ्या मीटरचा, हे कळायला मार्गच उरत नाही.

तालमीसाठी इलफर्डची एचपी ५ प्लस घ्या. पहाटेच्या मेहनतीला तालमीत उजेड किती असतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. एखादी ट्यूब, वरच्या झरोक्यातून येणारी तिरीप, बाकी सगळा अंधार. तिथं तिचं ४०० स्पीड, म्हणजे उजेड टिपायची ताकद, अपुरं पडतं. पण एचपी ५ चं स्पीड १६०० आहे असं धरून फोटो काढता येतात, मग धुताना जास्त वेळ द्यायचा; ती ते झेपवते. के १००० वर एएसए, म्हणजे स्पीडचा आकडा, हातानंच लावायचा असतो, तेव्हा रोल भरला की चकती १६०० वर आणा आणि पूर्ण रोल त्याच आकड्यावर संपवा. आयडी ११ डेव्हलपरमध्ये, पाणी न मिसळता, २० अंशाला रोल धुवायला नेहमीची साडेसात मिनिटं लागतात. १६०० धरलेल्या रोलला १४ मिनिटं द्या. सावल्या काळ्या पडतील आणि फोटोत दाणा (बारीक रवाळपणा) दिसेल, पण घामानं चमकणारी पाठ आणि तिच्यावर चिकटलेली माती त्या दाण्यात फार सुंदर उतरते.

बजेट कमी असेल तर केंटमिअर ४०० बघा. तीही इलफर्डवाल्यांच्याच मॉबर्लीच्या कारखान्यात, इंग्लंडात बनते. फोमापॅन ४०० झेक देशातली, चांगली फिल्म आहे, पण डबीवर ४०० असलं तरी मी तिला २५० च धरते. तालमीच्या उजेडात ती तुम्हाला पुरणार नाही. आणि नाव बघून ऑर्थो फिल्म मागवू नका. ऑर्थोला तांबडा रंग दिसत नाही. हौदातली लाल माती त्यात काळीकुट्ट येईल, आणि तिचं स्पीडही फार कमी असतं.

आता पैसे भरण्याआधी विक्रेत्याला फोन करा. बॉक्सवरची मुदतीची तारीख विचारा. माल उन्हाळ्यात कुठं ठेवता, तेही विचारा. एसी किंवा फ्रिज आहे म्हणाला तर उत्तम. उत्तर द्यायलाच कंटाळला तर दुसरा विक्रेता शोधा. तिसरं, रोल कंपनीच्या पॅकमधला आहे की शंभर फुटी गुंडाळीतून भरलेला? शंभर फुटांतून ३६ चे अठरा-एकोणीस रोल निघतात, त्यामुळे भरलेला रोल स्वस्त पडतो आणि त्यात गैर काही नाही. कोडॅकची डबल एक्स ही सिनेमाची फिल्म अशीच भरून विकतात आणि ती मला आवडते. पण डबी जुनी, वापरलेली असेल तर तिच्या तोंडाच्या मखमलीतून उजेड शिरतो. रोल हातात आला की ती मखमल नखानं चाचपून बघा. घट्ट, दाट लागली पाहिजे. झिजून टक्कल पडलेलं असेल तर परत पाठवा.

एक्सरेचं म्हणाल तर मुंबई-पुण्याहून येणारं पार्सल बहुधा रस्त्यानं येतं, त्याची चिंता नको. दिल्ली-कोलकात्याहून विमानानं आलं तरी १००-४०० स्पीडच्या फिल्मला साध्या मशीनमधून एकदा गेल्यानं सहसा दिसण्यासारखं काही होत नाही. ३२०० ची फिल्म मात्र शक्यतो रस्त्यानंच मागवा. सीटी पद्धतीची नवी मशीनं खरोखर घातक आहेत. उद्या तुम्ही स्वतः विमानानं कुठं निघालात तर रोल पारदर्शक पिशवीत घालून हातानं तपासायची विनंती करा.

माझ्या मते एक्सरेपेक्षा मोठा शत्रू उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये कुरिअरच्या बंद गाडीत, पत्र्याच्या गोदामात फिल्म दोन-तीन दिवस भाजते. म्हणून वर्षाची फिल्म दिवाळी ते शिवरात्रीच्या दरम्यान मागवून ठेवावी. सोमवारी पाठवायला सांगावं, म्हणजे रविवारी पार्सल कुठं पडून राहत नाही. घरी फ्रिजमध्ये हवाबंद डब्यात ठेवा. वापरायच्या दिवशी तीन-चार तास आधी बाहेर काढा आणि डबी लगेच उघडू नका. जुलैत आपल्याकडं हवा इतकी ओली असते की थंड फिल्मवर क्षणात पाणी सुटतं.

किंमत बघून दचकाल, म्हणून हेही लिहिते. सिनेमावाले बाबूराव पेंटरांनी याच गावात कॅमेरा घडवला, पण कच्ची फिल्म तेव्हाही परदेशातूनच यायची. पुढं उटीला सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स निघाली, तिचा इंदू हा माल आम्ही स्टुडिओत वापरलाय. तो कारखाना बंद पडला. आता प्रत्येक रोल जहाजानं किंवा विमानानं येतो, कस्टम भरून. ते ओझं किमतीत आहे, विक्रेता लुटतोय असं लगेच समजू नका. परदेशी दुकानातून थेट मागवाल तर ड्युटी दारात भरावी लागेल, हे धरून हिशेब करा. दोन-चार रोलांसाठी ते परवडत नाही.

प्रश्न : आमच्याकडं सासऱ्यांचा आगफा क्लिक थ्री कॅमेरा आहे. त्याला फिल्म मिळेल का? – एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : मिळेल की. त्याला १२० नंबरची फिल्म लागते, चौकोनी १२ फोटो येतात. ऑर्डर देताना १२० हा आकडा नीट बघा, ३५ एमएमची डबी त्यात बसत नाही. कडक उन्हासाठी १०० स्पीडची, पावसाळी आभाळात ४०० ची. एक काळजी घ्या. मागच्या झाकणावर नंबर दिसायची लाल खिडकी आहे, तिच्यावर काळी चिकटपट्टी लावून ठेवा आणि रोल फिरवताना सावलीत धरून तेवढ्यापुरती उचला. आजच्या फिल्मला लाल उजेडही दिसतो. रोल संपला की कागदाची पट्टी घट्ट ओढून लगेच चिकटवा, सैल राहिला तर कडेनं उजेड खातो.

प्रश्न : मुदत संपलेले रोल निम्म्या किमतीत मिळतात. घ्यावेत का?

उत्तर : फ्रिजमध्ये राहिलेले, मुदत वर्ष-दोन वर्षांपूर्वी संपलेले आणि १०० किंवा त्याहून कमी स्पीडचे असतील तर जरूर घ्या. ४०० आणि वरचे नकोत, त्यांच्यावर धुकं, म्हणजे राखाडी झाक, लवकर चढतं. कुठं ठेवले होते हे विक्रेत्याला सांगता येत नसेल तर कितीही स्वस्त असोत, घेऊ नका. आणि लग्न, बारसं, म्हाताऱ्या माणसांचे फोटो अशा रोलवर कधीच काढू नका. त्यासाठी ताजा रोल घ्या आणि संपल्यावर आठवड्याच्या आत धुऊन टाका.