ग्रामसभेच्या ठरावाने रस्ता बंद करता येतो का?

प्रश्न : आमचे गाव सावनेर तालुक्यात मध्य प्रदेशच्या सीमेला लागून आहे. सीमेपलीकडच्या सौंसरकडून रोज कामावर जाणारे दुचाकीस्वार आणि कंपन्यांच्या बसगाड्या महामार्ग सोडून गावातून भरधाव जातात. ग्रामसभेच्या ठरावानंतर आम्ही शाळेजवळ बल्ली आडवी टाकली. एका दुचाकीस्वाराने तक्रार केल्यामुळे ग्रामपंचायत सदस्य म्हणून मला आणि इतर सहा जणांना पोलिसांची नोटीस आली आहे.

उत्तर : महोदय, ती बल्ली आजच काढा आणि काढल्याचे पत्र ठाणेदारांना देऊन त्याची पोच घ्या. आपली तक्रार रास्त आहे; शाळा सुटण्याच्या वेळी, शेतातून बंड्या आणि ढोरे परतत असताना अरुंद रस्त्यावरून बस धावणे हा जिवाशी खेळ आहे. परंतु सार्वजनिक रस्ता अडवण्याचा अधिकार ग्रामसभेला नसल्यामुळे तो ठराव आपला बचाव होऊ शकत नाही, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 (अन्यायाने अडवणूक) व कलम 285 (सार्वजनिक रस्त्यात अडथळा) खाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. दोन्ही गुन्हे जामीनपात्र आहेत. नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 खालील असेल, तर दिलेल्या तारखेला सर्वांनी अवश्य हजर राहावे, कारण नोटिशीचे पालन करणाऱ्यास पोलिसांनी कारणे लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही.

आपल्याला जे हवे आहे त्याचा खरा मार्ग मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 115 मध्ये आहे. सार्वजनिक सुरक्षितता किंवा रस्त्याचे स्वरूप पाहून राज्य शासन अथवा त्याने प्राधिकृत केलेला अधिकारी ठरावीक रस्त्यावर ठरावीक प्रकारच्या वाहनांना मनाई करू शकतो. ही मनाई एका महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रातील अधिसूचनेचीही गरज नसते, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करताना आधी महिनाभराच्या प्रायोगिक मनाईची मागणी करावी, असे माझे मत आहे. ती मान्य होणे सोपे जाते. सात दिवस सकाळ-संध्याकाळ वाहने मोजून वेळेसह नोंदवही ठेवा आणि तिची प्रत अर्जाला जोडा. रस्ता ग्रामीण मार्ग असेल, तर गतिरोधक आणि फलकांसाठी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला स्वतंत्र पत्र द्या. गतिरोधक स्वतः बांधू नका.

अर्जात ‘एमपी 28 च्या गाड्या (म्हणजे सौंसरकडच्या नोंदणी क्रमांकाच्या) बंद करा’ असे मात्र कदापि लिहू नका. देशभर मुक्त संचाराचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 19 ने सौंसरच्या कामगारालाही दिला आहे, त्यामुळे मागणी बसगाड्यांपुरती आणि शाळेच्या वेळेपुरतीच ठेवा.