ठाण्यात बस थांब्यावर सिगारेट ओढली तर दंड होतो का? ही व्यक्तिस्वातंत्र्यावर गदा नाही का?

दंड होऊ शकतो, 200 रुपयांपर्यंत. आणि ही स्वातंत्र्यावर गदा नाही, कारण बंदी ओढण्यावर नाही, जागेवर आहे. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचं कलम 4 सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करतं. गंमत म्हणजे त्या कायद्यातल्या व्याख्येत मोकळी जागा वगळलेली आहे, म्हणून ‘वर आभाळ आहे की’ असं म्हणायला वाव होता. 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांनी ही पळवाट बुजवली: रेल्वे स्टेशन, बस थांबा, स्टेडियम उघड्यावर असले तरी सार्वजनिकच. म्हणजे सॅटिसवर (ठाणे स्टेशनबाहेरच्या उंच बस-पुलावर) टीएमटी बसची वाट बघताना पेटवलीत तरी तुम्ही कायद्याच्या कक्षेत आलात. स्वातंत्र्याचा प्रश्न त्याआधीच, 2001 मध्ये, काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने हाताळला होता. न ओढणाऱ्याने दुसऱ्याचा धूर का गिळायचा? राज्यघटनेच्या कलम 21 मधला जगण्याचा हक्क त्यालाही आहेच. रांगेतली बाई लेकराला घेऊन बस सोडून लांब जाऊ शकत नाही, सिगारेटवाला मात्र थोडा वेळ थांबू शकतो. मला तरी एवढं पुरेसं वाटतं.

फक्त सरसकट बंदी समजू नका. तुमचं घर यात येत नाही. शिवाय विमानतळ, 30 किंवा जास्त खोल्यांची हॉटेलं आणि 30 किंवा जास्त आसनांची रेस्टॉरंट यांना नियमांत धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवायची मुभा आहे.