तुरी घरच्या, डाळ विकतची?

प्रश्न : आर्वी तालुक्यात आमची सहा एकर कोरडवाहू शेती आहे. कपाशीच्या ओळींमध्ये तुरी असतात आणि त्यांचीच वर्षभराची डाळ आम्ही दर उन्हाळ्यात घरी जात्यावर करतो. यंदा मुलगा म्हणतो की सगळ्या तुरी बाजार समितीत न्याव्यात, डाळ दुकानातून आणावी आणि आठ दिवसांचा त्रास वाचवावा. मला ते पटत नाही. माझा हा हट्ट आहे काय?
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘आम्ही करतो’ या शब्दांपाशी मी थांबलो. तुरी रात्रभर भिजत घालणे, उपसून मे महिन्याच्या उन्हात वाळवणे, सांजेला गोळा करणे, जात्यावर भरडणे, सुपाने पाखडणे आणि टरफल न निघालेले दाणे वेचून पुन्हा जात्यात टाकणे, ही कामे तुमच्या घरी कोणाच्या वाट्याला येतात? ती पत्नी आणि सूनबाईच करीत असतील, तर कष्टाची बाजू घेण्याचा अधिकार तुम्हाला अजून मिळवायचा आहे, असे मी आदरपूर्वक म्हणेन.

डाळीपुरते मात्र तुमचे म्हणणे खरे आहे. 100 किलो तुरीतून साधारण 70 किलोच्या आसपास डाळ निघते. उरलेले टरफल आणि चुनी घरच्या जनावरांच्या पुढ्यात जाते. तुरी विकल्या की ही चुनीही जाते, मग तीच पशुखाद्याच्या दुकानातून विकत आणावी लागते, आणि डाळीच्या भावात दळणवळण, गिरणी, अडत व दुकानदार या सर्वांचा वाटा तुम्हीच भरता. शिवाय आपल्या वरणात कोणत्या वावरातली तूर शिजते आहे, हे ठाऊक असण्याला किंमत लावता येत नाही. (माझ्या आईला भरड हातात घेताच तूर भारी जमिनीची की बरड, हे कळत असे, मला ते कधीच जमले नाही.)

तुमच्याच जिल्ह्यात हा विचार फार पूर्वी झाला आहे. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चाले, आणि जात्याचे पीठ, हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल यांचा पुरस्कार तिथून होत असे. धान्याचा कस आणि कामाची मजुरी ही दोन्ही गावातच राहावीत, हा त्यामागचा हिशेब होता. तरीही गांधीजींनी शिवणयंत्राला आपल्या यंत्रविरोधातून सूट दिली होती, कारण पत्नीचे कंटाळवाणे कष्ट पाहून सिंगर यांनी ते घडवले, असे ते मानत. म्हणूनच घरात नळ आल्यावरही विहिरीवरून हंडे वाहून आणण्याचा आग्रह कोणी धरला, तर मी त्याच्या बाजूने बोलणार नाही.

तेव्हा यंदा जास्तीच्या तुरी मुलाच्या म्हणण्याप्रमाणे खुशाल विका. घरापुरत्या चार पायल्या मात्र ठेवा, आणि जात्याच्या खुंट्याला एका बाजूने तुम्ही व दुसऱ्या बाजूने मुलगा असे बसा. पाखडण्याचे तेवढे सूनबाईंकडून शिकून घ्या, सूप पहिल्या दिवशी कोणाच्याच हाती वळत नाही. भरडण्यापूर्वी एक दाणा दाताखाली फोडून पाहावा. तो कटकन दुभंगला तर तुरी वाळल्या. चेपला, तर आणखी एक दिवस ऊन द्यावे.