१५ वर्षे जुन्या आलिशान सेडानची आधी दुरुस्ती करावी, की नवी स्क्रीन आणि मोठी चाके बसवावीत?

आधी दुरुस्ती, आणि तीही रबर-प्लास्टिकपासून. नीट सांभाळलेले इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देतात ते उष्णतेने ठिसूळ झालेले कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) प्लास्टिक जोड आणि सस्पेन्शनमधले कडक झालेले बुश, म्हणजे धक्के शोषणारे रबरी तुकडे. एअर सस्पेन्शन असेल, म्हणजे गाडी हवेच्या पिशव्यांवर तोललेली असेल, तर रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते का, ते पाहावे. हवेची पिशवी गळत असताना गाडी तशीच चालवल्यास हवा भरणाऱ्या कंप्रेसरला सतत धावावे लागते आणि शेवटी तोही जळतो, म्हणजे एका खर्चाचे दोन होतात.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर पुरते, या समजुतीवर विसंबू नये. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनीच आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदलायला सांगते.

मोठ्या चाकांच्या मात्र मी विरोधात आहे, कारण टायरची भिंत जितकी बुटकी, तितका खड्ड्याचा धक्का रिमला आणि बुशना अधिक बसतो, आणि ज्या मऊपणासाठी ही गाडी घेतली तोच हरवतो. स्क्रीन जरूर बसवावी. फक्त मूळ वायरिंग न कापता, त्या मॉडेलचा तयार हार्नेस (जोडणीच्या तारांचा संच) वापरूनच.