शतवार्षिक, शतवर्षीय की शंभर वर्षांचे युद्ध?

एका वाचकाने विचारलं आहे: इंग्लंड-फ्रान्सच्या मध्ययुगीन युद्धाला कुठे 'शतवार्षिक युद्ध' म्हणतात, कुठे 'शतवर्षीय', कुठे 'शंभर वर्षांचे युद्ध'. यातलं बरोबर कोणतं? आणि १३३७ ते १४५३ म्हणजे ११६ वर्षं, मग शंभर का?

'शतवर्षीय' मी आधी बाजूला काढतो. हिंदीत ते रुळलंय, पण मराठीत '-वर्षीय' लागलं की डोळ्यांपुढे माणसाचं वय येतं. 'ऐंशी वर्षीय वृद्धा' हे बातम्यांतलं रूप आपल्या सवयीचं आहे. त्या चालीवर 'शतवर्षीय' म्हणजे शंभरी गाठलेल्या आजी.

'शतवार्षिक' मात्र व्याकरणाने अगदी शुद्ध आहे. पाणिनीचं सूत्र आहे 'वर्षस्याभविष्यति'. संख्येनंतर 'वर्ष' आलं आणि अर्थ भविष्यकाळाचा नसेल, तर वृद्धी (पहिला स्वर वाढणं, जसं 'अ'चा 'आ') 'वर्ष'ची होते: द्विवार्षिक, त्रिवार्षिक. पुढे व्हायच्या काळाबद्दल बोलायचं असेल तर ती आधीच्या पदाची होते: त्रैवर्षिक. मला हा भेद फार आवडतो, कारण या युद्धाला तो चपखल बसतो. १३३७ साली फ्रान्सचा राजा सहाव्या फिलिपने इंग्लंडच्या राजाकडचा गुयेन प्रांत जप्त केला आणि इंग्लंडचा राजा तिसऱ्या एडवर्डने आईच्या नात्याने फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगितला, तेव्हा हे भांडण त्यांच्या खापरपणतवंडांपर्यंत पोचेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शंभर वर्षांचं नाव सगळं संपल्यावरच देता येतं, आणि ते दिलं १९व्या शतकातल्या फ्रेंच इतिहासलेखनाने. क्रेसीला (१३४६) किंवा आझँकूरला (१४१५) लढलेल्या तिरंदाजाने हे नाव कधी ऐकलं नाही.

तरी मी 'शतवार्षिक' वापरत नाही. मराठीत '-वार्षिक' दोन कामं करतं. पंचवार्षिक योजना पाच वर्षं चालते, पंचवार्षिक निवडणूक पाच वर्षांनी एकदा येते. शिवाय 'शतवार्षिक' म्हटलं की महोत्सव आठवतो. 'सप्तवार्षिक युद्ध' (१७५६–६३) पाठ्यपुस्तकांमुळे कानात बसलंय, तिथे अडत नाही. इथे अडतं. म्हणून 'शंभर वर्षांचे युद्ध' हेच मला सरस वाटतं. 'वर्षांचे'वरचा अनुस्वार मात्र गाळू नये, अनेकवचनाचं सामान्यरूप आहे ते.

आता ११६ चा प्रश्न. 'शंभरदा सांगितलं' म्हणताना आपण मोजत नाही. शंभर हा आपल्याकडे 'पुष्कळ'चा आकडा आहे. नावातला शंभर तसाच घ्यावा. खरं तर ११६ हाही इतिहासकारांनी ठरवलेला हिशेब आहे. १३६० च्या ब्रेतिन्यीच्या तहाने हे युद्ध थांबलं आणि १३६९ ला पुन्हा पेटलं. १३८९ च्या शस्त्रसंधीनंतर इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीची मोठी स्वारी आली ती थेट १४१५ मध्ये. शेवटची मोठी लढाई कास्तियोंची, जुलै १४५३. पण तिच्यानंतर लगेच कुठलाही तह झाला नाही. कॅले बंदर १५५८ पर्यंत इंग्रजांकडे राहिलं आणि 'फ्रान्सचा राजा' ही पदवी इंग्लंडच्या राजांनी १८०१ साली सोडली.

याच विषयात आणखी एक चूक फार दिसते: 'क्रेसीचे युद्ध'. क्रेसीची ती लढाई, ऑर्लेआंचा वेढा, आणि हे सगळं ज्यात मावतं ते युद्ध. मराठीकडे हे तीन वेगळे शब्द असताना सगळीकडे 'युद्ध' लिहिलं, की एकाच युद्धाची पाच-सहा युद्धं झाल्यासारखी वाटतात.

लिहिताना पहिल्या उल्लेखात 'शंभर वर्षांचे युद्ध (१३३७–१४५३)' असं द्यावं. पुढे नुसतं नाव पुरतं.