काटोलजवळ संत्र्याचं ग्रेडिंग युनिट टाकलं तर किती टक्के सुटतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात नोकरी आहे, काटोल तालुक्यात वडिलांची सहा एकर संत्र्याची बाग आहे, गावातल्या वीस-पंचवीस शेतकऱ्यांना धरून कंपनी काढायची आणि ग्रेडिंग-कोटिंगचं (फळं मापाने वेगळी करून त्यांना मेणाचा पातळ थर द्यायचं) युनिट टाकायचं. किती टक्के सुटतात, अनुदान किती मिळतं आणि नोकरी कधी सोडावी?

मी नागपुरात धरमपेठेत कर सल्लागाराचं काम करते. माहेरची बाग नरखेड तालुक्यात. त्या ओळखीतून एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या वह्या लिहायला घेतल्या आणि मग "ताई, आता तुमीच सांभाळा" म्हणत तिचा कारभारही तीन हंगाम माझ्या गळ्यात पडला. ती कंपनी अजून उभी आहे, पण दुसऱ्या हंगामात ती बुडताना मी जवळून पाहिली आहे.

आधी टक्क्यांचं. पुढचे आकडे हिशोब कळावा म्हणून धरलेले आहेत, भाव दर हंगामाला बदलतो. समजा बाग, म्हणजे झाडावरचा माल, ३० रुपये किलोने पडली. तोडाई, हमाली, क्रेट, कोटिंग, ट्रकभाडं मिळून ९ रुपये लागले. माल दूरच्या शहरात ४२ ने गेला. किलोमागे ३ रुपये, म्हणजे विक्रीच्या सात टक्के. ऐकायला बरं वाटतं. आता शंभर किलोतले पाच किलो वाटेत सुकले, दबले, सडले असं धरा. विकायला ९५ किलो उरले, हातात ३,९९० रुपये आले, खर्च ३,९०० झालेला. क्विंटलमागे ९० रुपये. सात किलो गेले तर क्विंटलमागे सहा रुपये! आपल्या संत्र्याची साल सैल, म्हणून ते हाताने सोलून खाता येतं, आणि म्हणूनच ते प्रवासाला नाजूक. क्रेट कोणी कसा आपटला, ट्रक टोलनाक्यावर किती तास उन्हात उभा राहिला, यावर तुमचा अख्खा नफा असतो.

शिवाय झाडावरचा सगळा माल एका मापाचा नसतो. बाग आपण मोठ्या फळाचा भाव ऐकून घेतो आणि चुर्रीच्या, म्हणजे बारीक फळाच्या, भावात हिशोब मिटतो. बाग घेण्याआधी चार-पाच झाडांची फळं प्रत्यक्ष तोडून, मापं वेगळी करून बघा. मालकाला राग येतो, येऊ द्या.

पण हे सगळं कोणीही जुना अडत्या तुम्हाला कळमन्यात, नागपूरच्या घाऊक बाजारात, चहा पिता पिता सांगेल. मला सांगायचंय ते दिवसांबद्दल.

रोज दहा टनांचा एक ट्रक, साठ दिवसांचा हंगाम. वरच्याच हिशोबाने एका ट्रकमागे ३ लाख ९० हजार रुपये तुमच्या खिशातून जातात, आणि जातात ते लगेच. तोडाईच्या मजुरांना संध्याकाळी, ट्रकवाल्याला अर्धे भरतानाच, शेतकऱ्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. समोरचा खरेदीदार पैसे देतो एकवीस दिवसांनी (एकवीस म्हणतो, तेवढ्यात देईलच असं नाही). म्हणजे पहिल्या ट्रकचे पैसे येईपर्यंत तुम्ही एकवीस ट्रक पाठवलेले असतात. जवळपास ८२ लाख रुपये रस्त्यावर! साठ ट्रकांवर मिळून, क्विंटलमागे ९० रुपयांच्या हिशोबाने, सुटणार ५ लाख ४० हजार. बारा टक्के व्याज धरलं तर त्यातले सुमारे १ लाख ६२ हजार नुसते त्या एकवीस दिवसांचे. वीजबिल, चौकीदार, मशीनचा हप्ता अजून मोजलेलाच नाही.

आणि व्याज परवडलं तरी ८२ लाख देणार कोण? बँकेत गेलात की साधारणपणे एक जुना नियम लावतात: वर्षाच्या विक्रीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागतं, त्यातले ५ टक्के तुमचे, २० टक्के बँकेचे. घट वजा जाता तुमची विक्री २ कोटी ३९ लाख, म्हणजे बँकेच्या कर्जाची मर्यादा ४८ लाखांच्या आसपास. या नियमामागे असं गृहीत धरलंय की पैसा वर्षात चार वेळा फिरतो आणि विक्री बारा महिने सारखी होते. किराणा दुकानाला ते ठीक आहे. आपली वर्षाची विक्री दोन महिन्यांत होते आणि उरलेले दहा महिने मर्यादा तशीच पडून असते. त्यामुळे हंगामाच्या ऐन भरात तीसेक लाख कमी पडतात, ते सावकाराकडून नाहीतर शेतकऱ्याच्या थकबाकीतून उभे होतात. चांगला चाललेला धंदा डिसेंबरात अचानक "शेतकऱ्यांचे पैसे थकवले" म्हणून बदनाम होतो तो बहुतेक वेळा इथे. चोरी कोणीच केलेली नसते.

यावर एक उपाय आहे, आणि तो विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. हंगामी धंद्यासाठी महिन्यावार रोख आवक-जावकीचं अंदाजपत्रक मांडून, त्यातल्या सर्वांत मोठ्या खड्ड्याएवढी मर्यादा मागता येते. साखर कारखान्यांसारख्या हंगामी उद्योगांना ही पद्धत लावतात. कागद नीट मांडून न्या आणि दिवाळीच्या आधी दोन-तीन महिने न्या. माल तोडायला आल्यावर अर्ज केला तर मंजुरी मृग बहाराला, म्हणजे फेब्रुवारी-मार्चातल्या दुसऱ्या पिकाला मिळेल.

आता अनुदान. केंद्राच्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षांपर्यंत ३ टक्के व्याजसवलत आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत एकट्याच्या उद्योगाला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, पण तेही कर्जाला जोडलेलं; पहिल्या दिवशी हातात काही येत नाही. २०२० च्या दहा हजार शेतकरी कंपन्यांच्या योजनेत सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत भागभांडवलाला जोड, कंपनीला कमाल १५ लाख, आणि तीन वर्षांच्या कारभारखर्चाला १८ लाखांपर्यंत होते; दहा हजार कंपन्यांचं उद्दिष्ट २०२५ मध्ये पूर्ण झालं. सगळं चांगलंच आहे. पण नीट बघा, यातला बहुतेक पैसा भिंतीला, मशीनला, व्यवस्थापकाच्या पगाराला आहे. ट्रक भरायला नाही. म्हणून आपल्याकडे शेड उभी, मशीन चकाचक आणि आत कोणाचं तरी लग्नाचं सामान ठेवलेलं, असं दिसतं. आंबिया बहार ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून डिसेंबरपर्यंत, मृग बहार फेब्रुवारी-मार्चात आणि तोही पाऊस जमला तर. मशीन वर्षातून चार-पाच महिने फिरतं, हप्ता बारा महिने येतो.

आमच्यावर काय बेतलं ते सांगते. दुसऱ्या हंगामात दक्षिणेतल्या एका शहरातल्या व्यापाऱ्याला अकरा ट्रक गेले. पहिल्या चारचे पैसे वेळेवर आले, म्हणून पुढचे सात डोळे मिटून पाठवले. मग फोन आला, माल मऊ पडला, किलोमागे चार रुपये कापतो. सात ट्रक, सत्तर टन, २ लाख ८० हजार. भरताना काढलेला फोटो नाही, माल कसा असेल याबद्दल लेखी एक ओळ नाही, वजनकाट्याच्या चिठ्ठ्या ड्रायव्हरकडेच राहिलेल्या. भांडणार कशाच्या जोरावर? चूक सरळ माझी होती. वह्या मी रुपया-पैशापर्यंत लिहिल्या होत्या आणि माल निघताना कागद कोणता बनला पाहिजे हे कोणालाच शिकवलं नव्हतं. पुढच्या हंगामापासून प्रत्येक ट्रकला क्रेटचे फोटो, काट्याची चिठ्ठी, खरेदीदाराला संदेशावर भाव आणि प्रतवारी, आणि कोणत्याही एका माणसाकडे एकावेळी तीन ट्रकांवर उधारी नाही. संचालक चिडले. "असं केलं तं माल कोन घेईन?" घेणारे मिळाले. किलोमागे रुपया-दीड रुपया कमी आला, पण आठव्या दिवशी आला. वरच्या गणितात एकवीसऐवजी आठ दिवस घालून बघा, ८२ लाखांचे ३१ लाख होतात. मी तो रुपया कधीही सोडायला तयार आहे, मात्र आधी खरेदीत आणि घटीत तो वाचवून ठेवावा लागतो, कारण विक्रीत तेवढी जागा नाही हे तुम्ही वर पाहिलंच.

रोखीचंही एक. शेतकऱ्याकडून थेट त्याचाच माल घेताना दिवसाला १०,००० च्या वर रोख दिलं तरी आयकरात तो खर्च नाकारला जात नाही, तशी सूट आहे. पण मधल्या दलालाकडून घेतला तर ती सूट नाही, मजुरीला तर नाहीच. म्हणून प्रत्येक पावतीला सातबाऱ्याची प्रत आणि सही जोडा. मार्चमध्ये गावभर सह्या गोळा करत फिरण्यात काय सुख असतं ते मला विचारा.

कंपनी काढायला दहा शेतकरी पुरतात, तुमच्याकडे पंचवीस आहेत. पण सभासद झाला म्हणजे माल तुम्हालाच देईल हे डोक्यातून काढा. आमच्या एका सभासदाने बाग बाहेरच्या व्यापाऱ्याला दिली म्हणून मी विचारायला गेले. म्हणाला, "ताई, कंपनी माह्यीच हाये. पण त्यानं झाडाखाली उभं राहून पैसे देल्ले, तुमचा चेक आठ दिवसानं येते. पोरीची फी काय आठ दिवस थांबते?" मी काय बोलणार? व्यापारी बहाराच्या आधी इसार देतो, खताला उसने देतो. त्याच्यापुढे तुमची कंपनी म्हणजे किलोमागे दोन रुपये जास्त देऊ म्हणणारा, पण उशिरा देणारा माणूस. शेवटी आम्ही मालाच्या अर्ध्या किमतीचे पैसे काट्यावरच द्यायचे आणि उरलेले माल विकल्यावर, असं केलं. तेव्हा कुठे सभासदांचा निम्मा माल आमच्याकडे यायला लागला.

संचालकांचा प्रश्न वेगळा. तेही शेतकरी, त्यांचाही माल येतो आणि त्यांच्या मालाला हलकी प्रत लावायची हिंमत ग्रेडिंगवरच्या पोराला होत नाही. यावर मला एकच गोष्ट उपयोगी पडली: क्रेटवर नाव नाही, फक्त नंबर. वही माझ्याकडे.

निर्यातीचं स्वप्न असेल तर बांगलादेशाची गोष्ट माहीत हवी. आपल्या संत्र्याचं ते सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक. त्यांनी आयातशुल्क २०१९ मधल्या किलोमागे २० टक्यांवरून वाढवत २०२३ मध्ये ८८ टक्यांवर नेलं. (टका म्हणजे त्यांचं चलन.) तिकडे जाणारा माल मागे फिरला, देशातल्याच बाजारात पडला आणि ज्यांनी आयुष्यात निर्यात केली नाही त्यांचेही भाव बसले. तुम्ही बांगलादेशला एक क्रेटही पाठवणार नसलात, तरी ढाक्यातला निर्णय तुमच्या काट्यावर येतो.

"मग रस का काढू नये?" असं कोणीतरी विचारेलच. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होतो, बियाही भरपूर. मोठ्या कारखान्यांकडे त्यावर यंत्रणा असते. नागपूरच्या नोगा ब्रँडचा जॅम खात आपण सगळे वाढलो, पण तो धंदा वेगळा आहे, सहा एकरवाल्याचा नाही.

नोकरीचं म्हणाल तर आत्ता सोडू नका. मशीनही घेऊ नका. काटोल-वरुड पट्ट्यात कोटिंगची युनिटं आहेत, किलोमागे पैसे घेऊन माल करून देतात. पहिल्या आंबियाला वडिलांची आणि शेजारच्या दोघांची एवढीच बाग घ्या, आठवड्याला दोन ट्रक, दोनच खरेदीदार. प्रत्येक ट्रकसाठी वहीत तीन तारखा लिहा: पैसे गेले कधी, माल पोचला कधी, पैसे आले कधी. रजा साठवून ठेवा आणि डिसेंबरात पंधरा दिवस इकडे या, त्यातले तीन-चार दिवस पहाटे कळमन्यात काढा. ती वही घेऊन जानेवारीत माझ्याकडे आलात तर बँकेचं अंदाजपत्रक आपण त्याच दिवशी मांडू.