बॉक्स गाडीत बसेल का? सायकल घेऊन एअरपोर्टला निघालेल्यांची प्रश्नोत्तरं

सायकल पॅक कशी करायची याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेले असतात. चाकं निघतात, बबल रॅप लागतं, खोका टेपने बंद होतो आणि मग फ्लाइटच्या आदल्या रात्री मला मेसेज येतो की दादा, आता हा खोका एअरपोर्टपर्यंत न्यायचा कसा. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून यावेळी एकत्र उत्तरं देतोय.

प्रश्न: इंटरनॅशनल फ्लाइट आहे, तीन तास आधी पोचलो तर पुरे का?

पुरे, पण तीन तास आधी तुम्ही चेक-इनच्या रांगेत पाहिजे, एअरपोर्टच्या बाहेर सिग्नलला नव्हे. काउंटरला टॅग लागला की बॉक्स बाकीच्या बॅगांसारखा तिथल्याच बेल्टवरून जात नाही, तो उचलून ओव्हरसाइज बॅगेजच्या काउंटरला न्यावा लागतो, तो बऱ्याच ठिकाणी हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला असतो आणि तिथे रांग वेगळी, एक्स-रे वेगळा. बऱ्याच एअरलाइन बॅगा घेणं फ्लाइटच्या एक तास आधी बंद करतात. तुमच्या एअरलाइनची वेळ तिकिटाच्या अटींमध्ये लिहिलेली असते, ती वाचा.

प्रश्न: टायरची हवा पूर्ण काढायची ना? नाहीतर विमानात फुटतात म्हणे.

हे "म्हणे" कुठून येतं कळत नाही. सामान ठेवतात तो भागही केबिनसारखाच प्रेशराइज्ड असतो, तिथलं प्रेशर फार तर आठ हजार फूट उंचीवर असतं तेवढं उतरतं, म्हणजे 80 पीएसआयच्या टायरला 83-84 असल्यासारखं वाटेल. अगदी पूर्ण निर्वात पोकळी धरली तरी फरक 14.7 पीएसआयचाच. चांगला टायर त्याने फुटत नाही. पण अनेक एअरलाइनच्या नियमात हवा कमी करा असं लिहिलेलं असतं आणि काउंटरवर फिजिक्स शिकवायला वेळ नसतो, म्हणून थोडी काढा. पूर्ण काढू नका, चाक बॉक्सच्या तळाला टेकलेलं असेल तर रिमला मार बसतो. ट्यूबलेस असेल तर मेकॅनिकला विचारून घ्या, पूर्ण हवा गेली की टायर रिमवरून सुटतो आणि आतलं सीलंट, म्हणजे पंक्चर बुजवणारं द्रव, बॉक्सभर होतं.

प्रश्न: टॅक्सी ॲपवर सगळ्यात मोठी गाडी बुक केली तर बसेलच ना? आम्ही चौघं, दोन बॉक्स.

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या बघण्यात एअरलाइनपेक्षा गाडीपायी जास्त लोकांचं घोडं अडलंय.

आधी ते "बसेलच ना" डोक्यातून काढा. ॲपवरची मोठी गाडी म्हणजे जास्त माणसांची गाडी, जास्त सामानाची नव्हे. सात सीटच्या गाडीत तिसरी रांग उभी असेल तर मागे दोन हँडबॅगा मावतात, बास. तिसरी रांग पाडून आणि दुसरी अर्धी पाडून एखादा बॉक्स जातो, दोन घालायला दुसरी रांग जवळजवळ सगळीच पाडावी लागते, मग तुम्ही चौघं बसणार कुठे? म्हणजे चार माणसं दोन बॉक्स म्हटल्यावर एका गाडीचा विषयच संपला. व्हॅन सांगा, नाहीतर दोघांनी बॉक्स घेऊन दोन गाड्यांतून जा आणि बाकीचे ट्रेनने या, पण बॉक्सवाले आधी निघाले पाहिजेत, उलटं नको.

आता मापं. सायकलच्या दुकानातून मिळतो तो पुठ्ठ्याचा बॉक्स साधारण 140 सेंटीमीटर लांब, 75 ते 80 उंच आणि 20 ते 25 जाड असतो, 29 इंची माउंटन बाइकचा त्याहून मोठा. पण माझ्या आकड्यांवर जाऊ नका, तुमचा बॉक्स भरल्यावर टेप लावून मोजा, कारण हँडल आत गेलं की खोक्याचं पोट फुगतं आणि नेमके तेच तीन-चार सेंटीमीटर नडतात. मग गाडी मोजा. लोक काय करतात, डिक्की आतून मोजतात. अहो पण बॉक्स आत जायचा तो दारातून ना! मागच्या दाराची उघडी उंची, दोन चाकांवरच्या फुगवट्यांमधली रुंदी आणि पुढच्या सीटच्या पाठीपासून बंद दारापर्यंतची लांबी, ही तीन मापं पाहिजेत. हॅचबॅकची मागची काच तिरकी उतरते, त्यामुळे खाली लांबी भरते आणि वर भरत नाही, बॉक्स उभा घातला की त्याचा वरचा कोपरा काचेला टेकतो आणि दार चार बोटं उघडं राहतं. त्या चार बोटांसाठी माणसं दार आपटतात, मी बघितलंय, काच गेली म्हणजे बॉक्स पण गेला आणि गाडी पण. आडवा घालायचा असेल तर डिरेलरची, म्हणजे चेन सरकवून गिअर बदलणाऱ्या भागाची, बाजू वर आणि वरती एकही बॅग ठेवायची नाही. सेडान तर विसराच, मागची सीट पडली तरी डिक्की आणि सीटमधली फट या बॉक्सला पुरत नाही.

टपावर बांधू का, असं विचारणारे पण बरेच आहेत. पुठ्ठ्याचा खोका टपावर नको. दोरी आवळली की कडा चेपतात, हायवेला वारा खालून शिरतो, आणि पाऊस आला तर काउंटरपर्यंत लगदा घेऊन जाल. मागचं दार उघडं ठेवून दोरीने बांधणं तर त्याहून वाईट, धूर आत येतो, नंबर प्लेट आणि मागचे लाइट झाकले जातात आणि अनेक देशांत त्यासाठी पोलीस थांबवतात.

आणि ट्रॅव्हल्सवाले. "आमच्याकडे सायकली नेहमी जातात" म्हणणाऱ्याला तुमच्या बॉक्सची तिन्ही मापं मेसेज करा, माणसं किती ते लिहा, सीट पाडून जागा दाखवणारा फोटो मागा आणि होकार लेखी घ्या. फोनवर "हो हो बसेल, तुम्ही काळजी करू नका" म्हणणारा दारात आल्यावर बॉक्स बघून मान हलवतो आणि वेगळी गाडी लागेल, तिचे वेगळे पैसे म्हणतो, तेव्हा तो तुमच्या फ्लाइटची वेळ बघून भाव लावत असतो. ॲपवरच्या ड्रायव्हरने ट्रिप कॅन्सल केली तर मात्र त्याला शिव्या देऊ नका, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

स्वतःची किंवा मित्राची गाडी असेल तर आठवडाभर आधी रिकामा खोका घालून बघा. आदल्या रात्री नव्हे. आदल्या रात्री कळून करणार काय?

प्रश्न: मग एअरपोर्टची ट्रेन बरी नाही का? सायकल चालते असं बोर्ड बघितलंय.

बरी, पण तो बोर्ड अख्ख्या सायकलसाठी असतो. बॉक्समध्ये गेली की तिला सामान धरतात आणि सामानाच्या मापाचा नियम लागतो, काही ठिकाणी त्याने फायदा होतो, काही ठिकाणी अडवतात. गर्दीच्या वेळी तर दोन्हीला बंदी असू शकते. तिकिटाच्या गेटची रुंदी, लिफ्ट चालू आहे का आणि ट्रेन कुठल्या टर्मिनलला थांबते, हे रेल्वेच्या हेल्पलाइनला विचारा, मित्राला नको.

प्रश्न: तिकीट काढलंय, सायकलचं काउंटरलाच सांगितलं तर चालेल ना? एकजण म्हणाला फुकट नेतात.

त्या एकाचं कुठल्या वर्षी, कुठल्या एअरलाइनला, कुठल्या विमानात झालं ते विचारलं का? काही एअरलाइन सायकल नेहमीच्या बॅगेत धरतात, काही स्पोर्ट्स इक्विपमेंट म्हणून वेगळे पैसे घेतात, आणि छोट्या विमानाच्या सामानाच्या दारातून बॉक्स जातच नाही, तेव्हा कितीही पैसे द्या. आजच फोन करा, लांबी-रुंदी-उंची आणि वजन सांगा, कन्फर्मेशन ईमेलवर घ्या, त्याची प्रिंट जवळ ठेवा. दोन एअरलाइनची फ्लाइट असेल तर दोघांनाही विचारा. वजन बऱ्याच ठिकाणी 23 किलोपर्यंत, आणि 32 च्या वर एक नग सहसा कोणी घेतच नाही, म्हणून बॉक्समध्ये तंबू, बूट, लॉक सगळं कोंबणाऱ्यांनी आधी वजनकाटा शोधावा.

प्रश्न: ई-बाइक नेता येईल का?

बॅटरीसकट नाही. प्रवासी 100 वॉट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी नेऊ शकतो, 160 पर्यंत एअरलाइनची परवानगी लागते, त्यापुढे बंद, आणि 36 व्होल्ट 10 अँपिअर-अवरची साधी ई-बाइक बॅटरी 360 ची होते. तिकडे गेल्यावर भाड्याने मिळते का बघा. बॅटरी काढून नुसती सायकल न्यायची तरी एअरलाइनला आधी कळवा.

प्रश्न: एअरपोर्टवर प्लास्टिक गुंडाळून देतात ते करून घेऊ का? सेफ राहते म्हणतात.

कोण म्हणतं, गुंडाळणारा? ते प्लास्टिक ओरखडे आणि पाणी थोडंफार अडवतं, धक्का अजिबात अडवत नाही. शिवाय तपासणीला बॉक्स उघडायचा झाला तर सगळं कापतात आणि परत कोणी गुंडाळून देत नाही. हँडबॅगेत रुंद टेपचं एक बंडल ठेवा, ते जास्त कामाचं. सायकल वाचते ती आतून: मागचा डिरेलर खोलून फ्रेमच्या आत बांधलेला, चाक काढलेल्या फोर्कमध्ये तो चेपू नये म्हणून प्लास्टिकचा स्पेसर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर पॅडच्या मध्ये पण स्पेसर, नाहीतर प्रवासात लिव्हर दाबला गेला की पॅड चिकटून बसतात. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, जोर लावण्याआधी आठवा. कार्बन फ्रेम असेल तर हे मेकॅनिककडूनच करून घ्या.

प्रश्न: सायकल चालवत एअरपोर्टला जाऊन तिथेच पॅक केली तर गाडीची भानगडच नको?

कल्पना चांगली आहे, रस्ता बघितलाय का? मोठ्या एअरपोर्टचे शेवटचे काही किलोमीटर बरेचदा हायवेच असतात आणि तिथे सायकलला बंदी असते. अमेरिकेतल्या पोर्टलंडसारख्या मोजक्या एअरपोर्टवर सायकल जोडायला-सोडायला जागा ठेवलीय, बाकी ठिकाणी फरशीवर पान्यांचा पसारा मांडून बसाल आणि सिक्युरिटीवाला येऊन उठवेल. खोका कुठून येणार ते वेगळंच. एअरपोर्टला ईमेल करून विचारा, उत्तर आलं नाही तर जाऊ नका. आणि पाने काम झाल्यावर बॉक्समध्ये टाका, हँडबॅगेत सापडले तर जप्त होऊ शकतात.

प्रश्न: एकटीच आहे, बॉक्स आणि दोन बॅगा. टर्मिनलमध्ये कशा नेऊ?

ट्रॉलीवर बॅगा खाली, बॉक्स त्यावर लांबीत ठेवा. आडवा ठेवला तर दारातून जाणार नाही. दोन पट्ट्यांनी बांधा. सरकत्या जिन्यावर नेऊ नका, लिफ्ट. सोडायच्या लेनमध्ये गाडी फार वेळ उभी करू देत नाहीत म्हणून ट्रॉली कुठे मिळते ते एअरपोर्टच्या नकाशात आधीच बघून ठेवा, आणि जड उचलायचा त्रास असेल तर मदतीसाठी एअरलाइनला दोन-तीन दिवस आधी सांगा.

प्रश्न: बॉक्स फाटलेला आला, घरी जाऊन उघडला तर फ्रेमला क्रॅक. चार दिवस झाले, आता काय?

आजच लिहा, उद्या नको. 1999 च्या माँट्रियल करारानुसार सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत करावी लागते, उशिरा आलेल्या सामानाला एकवीस दिवस. खरं तर फाटलेला बॉक्स बघितल्यावर हॉलच्या बाहेर पडायच्या आधी काउंटरला रिपोर्ट करून घ्यायला हवा होता, आता एअरलाइन म्हणू शकते की टॅक्सीत आपटला असेल. बॉक्सचे, टॅगचे, क्रॅकचे फोटो जोडा, मेकॅनिककडून लेखी अंदाज घ्या, बॉक्स टाकून देऊ नका. भरपाईला मर्यादा आहे, डिसेंबर 2024 पासून एका प्रवाशाला 1519 एसडीआर, ते नाणेनिधीचं हिशोबाचं एकक आहे, रोजच्या दराने बदलतं. चेक-इनला "लिमिटेड रिलीज" टॅगवर, म्हणजे एअरलाइनची जबाबदारी कमी करणाऱ्या टॅगवर, सही केली असेल तर पॅकिंगकडे बोट दाखवतील, तरी तक्रार करा. विमा असेल तर पॉलिसी वाचा, सायकल एअरलाइनच्या ताब्यात असतानाचं नुकसान धरलंय का, कारण विकताना "सगळं कव्हर आहे" म्हणतात आणि क्लेम आला की कानावर हात. रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवा.

प्रश्न: परतीसाठी खोका हॉटेलमध्ये ठेवता येईल का?

हॉटेलला विचारा. हो म्हणाले तर ईमेलवर घ्या, आणि खोक्यावर नाव आणि परतीची तारीख मोठ्या अक्षरात लिहा, साफसफाईत टाकून देतात.